टपटपणारा नळ

वारजे हे मुठेकाठचे पूर्वीचे खेडे. आता ते पुणे शहराचाच भाग झाले आहे. खडकवासल्याच्या धरणातील पाणी शुद्ध होऊन येथील घरोघरच्या नळांना येते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत व खडकवासला ही दोन्ही धरणे फुटली. महापुराने पुण्याची वाताहत केली आणि पूर ओसरताच त्याच पुणेकरांना पिण्याच्या पाण्यासाठी वणवण करावी लागली. नळाच्या पाण्याचे मोल त्या पिढीला पुरते कळले.

मुलांनो, ते मोल आपण विसरलो तर नाही ना? सेकंदाला एक थेंब गाळणारा नळ दिवसाकाठी ८६,४०० थेंब वाया घालवतो.

नळ गळू लागला, की आपण तो अधिक जोराने आवळतो. येथेच चूक होते. फिरकीच्या नळाच्या पोटात रबराची एक चकती असते. तिला वायसर म्हणतात. ती पाण्याच्या वाटेवर घट्ट बसली, म्हणजे पाणी थांबते. झिजलेल्या वायसरवर जोर केला, तर तो अधिकच चिरडतो व गळती वाढते.

उपाय सोपा आहे. घरातील वडील माणसांना बरोबर घेऊन प्रथम मुख्य चावी बंद करावी. नळ उघडून उरलेले पाणी जाऊ द्यावे. मग पान्याने नळाचा माथा सोडवून त्याच मापाचा नवा वायसर बसवावा व माथा पुन्हा आवळावा. तरीही गळती राहिली, तर आतली बैठक झिजली असे समजून नळच बदलावा.

आज रात्री निजण्यापूर्वी घरातील नळांकडे क्षणभर कान द्या. टपटप ऐकू आली, तर ते काम उद्यावर ढकलू नका.