परिचारिका आणि अर्धशिशी : एक अभ्यास

आपल्या संस्थेच्या सभासद कुटुंबांपैकी कितीतरी कुटुंबांत एखादी भगिनी परिचारिका आहे. कुणी सरकारी रुग्णालयात, कुणी महानगरपालिकेच्या दवाखान्यात, तर कुणी खासगी नर्सिंग होममध्ये काम करते. नर्सिंगचे शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थिनीही आपल्यात आहेत. हा लेख प्रामुख्याने त्यांच्यासाठी आणि त्यांच्या घरच्या माणसांसाठी आहे. आम्ही डॉक्टर नाही. बँकेत कारकून आहोत आणि आमची पदवीही कला शाखेची. परंतु आमच्या पत्नी गेली एकोणीस वर्षे सरकारी रुग्णालयात स्टाफ नर्स आहेत व त्यांतील चौदा वर्षे त्यांना अर्धशिशीचा विकार आहे. त्यामुळे हा अभ्यास आम्हाला गरजेपोटी करावा लागला. आणि तोही, प्रामाणिकपणे सांगायचे तर, फार उशिरा केला.

प्रथम रोगाविषयी थोडे. अर्धशिशी हा शब्द आपल्याकडे जुना आहे. आयुर्वेदाच्या ग्रंथांत त्यास अर्धावभेदक म्हटले आहे. डॉक्टर मायग्रेन म्हणतात. साधी डोकेदुखी आणि ही, यांत फरक आहे. हिच्यात बहुधा डोक्याची एक बाजू ठणकते, चालल्याने किंवा जिना चढल्याने ठणका वाढतो, मळमळते, उलटी होते, उजेड आणि आवाज सहन होत नाही. औषध न घेतल्यास एक झटका चार तासांपासून बहात्तर तासांपर्यंत टिकू शकतो. काहींना दुखणे सुरू होण्यापूर्वी डोळ्यांपुढे नागमोडी चमकत्या रेषा दिसतात, नजरेचा एखादा भाग पुसल्यासारखा होतो. यास ऑरा म्हणतात व तो साधारणपणे पाच मिनिटे ते एक तास राहतो. ज्यांना महिन्यातून पंधरा किंवा अधिक दिवस डोके दुखते, त्यांतील किमान आठ दिवस अर्धशिशीची लक्षणे असतात आणि असे तीन महिन्यांहून अधिक काळ चालते, त्यांचा विकार जुनाट समजला जातो.

पूर्वी असे मानीत की डोक्यातील रक्तवाहिन्या फुगतात म्हणून हे दुखते. आता शास्त्रज्ञ तेवढ्यावर थांबत नाहीत. चेहरा व मेंदूच्या आवरणाकडे जाणारी एक मोठी मज्जातंतूंची जोडी आहे. तिच्या टोकांतून सीजीआरपी नावाचे द्रव्य सुटते आणि ते वेदनेचा हा सगळा गोंधळ वाढवते. या संशोधनाबद्दल चार शास्त्रज्ञांना २०२१ साली ब्रेन प्राइझ हा मेंदूविज्ञानातील मोठा पुरस्कार मिळाला. हे सांगण्याचे कारण एवढेच की, हा मज्जासंस्थेचा आजार आहे. मनाचा कमकुवतपणा नाही आणि कामचुकारपणा तर नाहीच. जगभरच्या आजारांचा हिशेब मांडणाऱ्या २०१९ च्या अभ्यासात, माणसाला अपंग करून ठेवणाऱ्या कारणांत अर्धशिशी दुसऱ्या क्रमांकावर होती, आणि तरुण स्त्रियांत पहिल्या. कर्नाटकात निम्हान्सच्या डॉक्टरांनी अठरा ते पासष्ट वयाच्या लोकांची घरोघर पाहणी केली. ती २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली, व तीत वर्षभरात अर्धशिशी झालेल्यांचे प्रमाण सुमारे चौथ्या हिश्शाइतके आढळले. म्हणजे आपल्या कुठल्याही सभेत अशी माणसे बसलेली असतातच. ती बोलत नाहीत एवढेच.

आमच्या घरातही बोलले जात नव्हते. याचा दोष आमच्याकडे अधिक जातो. त्या ड्यूटीवरून येऊन अंधार करून, डोक्याला ओढणी आवळून पडत, तेव्हा आम्ही म्हणत असू, "दिवसभर आकडे जुळवून आमचंही डोकं दुखतं. सगळ्यांचंच दुखतं." त्या काही बोलत नसत. गावाकडून आमच्या मातोश्री आल्या की सूर्योदयापूर्वी दूध-जिलेबी खायला घालीत. एकदा एका नातलगाने अर्धशिशी उतरविणाऱ्या माणसाकडे नेण्याचा घाट घातला होता. असे उतरविणारे यशस्वी का ठरतात, ते उघड आहे. तिसऱ्या दिवशी झटका आपोआपच ओसरतो आणि श्रेय त्यांना मिळते. असो.

पाच वर्षांपूर्वीची एक रात्र मात्र विसरता येण्यासारखी नाही. मेडिकल वॉर्डात त्यांची सलग चौथी नाइट होती. पहाटेच्या सुमारास त्यांच्या नजरेपुढे रेषा चमकू लागल्या. अशा वेळी बसून राहावे, तर वॉर्डात दोनच सिस्टर आणि एक विद्यार्थिनी, रुग्ण चाळीसच्या वर. सकाळी एका मधुमेही रुग्णास इन्सुलिन द्यायचे होते. केसपेपरवर अठरा युनिट लिहिलेले होते. त्यांच्या नजरेची डावी बाजू त्या क्षणी पुसली गेली होती, त्यामुळे त्यातला एक गेला आणि आठ तेवढा दिसला. त्यांनी आठ युनिट भरले. शेजारी उभी असलेली विद्यार्थिनी भीत भीत म्हणाली, "सिस्टर, अठरा आहे ना?" त्यांनी मान तिरकी करून पुन्हा पाहिले. अठराच होते.

रुग्णास काही झाले नाही. कोणास कळलेही नाही. पण त्यांनी ही गोष्ट आम्हाला सांगितली ती सात महिन्यांनी, आणि सांगताना त्यांचे हात थरथरत होते. "कमी भरलं म्हणून बरं. जास्त भरलं असतं तर?" एवढेच त्या म्हणाल्या. डोके दुखते हे लपवून काम करणे यास त्या तोपर्यंत कर्तव्यनिष्ठा समजत होत्या. आम्हीही तेच समजत होतो.

त्यानंतर आम्ही दोघे मेंदूविकारतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी औषधाआधी एक वही घालायला सांगितली. हे काम आमच्या हातचे होते. लेजर आखतो तशी वही आखली. तारीख, ड्यूटी कोणती, दुखणे किती वाजता सुरू झाले, दहापैकी किती तीव्र, कोणती गोळी किती वाजता घेतली, जेवण वेळेवर झाले की नाही, झोप किती तास, मासिक पाळीचे दिवस. पहिल्या महिन्याची बेरीज आम्ही केली तेव्हा आम्हास खरे वाटेना. तीस दिवसांपैकी एकवीस दिवस डोके दुखले होते व सतरा दिवस गोळी घेतली होती.

येथेच मोठी मेख होती. परिचारिकेच्या हाताशी औषध असते. अर्गोटामीन, पॅरासिटामॉल व कॅफीनची मिश्र गोळी त्या शेंगदाण्यासारखी घेत होत्या, कारण ड्यूटी तर करायचीच. डॉक्टरांनी सांगितले की, अशा मिश्र गोळ्या, अर्गोटामीन किंवा ट्रिप्टान वर्गातील औषधे महिन्यातून दहा अथवा अधिक दिवस, आणि साध्या वेदनाशामक गोळ्या पंधरा अथवा अधिक दिवस, असे तीन महिन्यांपलीकडे चालले तर त्या गोळ्यांमुळेच डोके दुखू लागते. अर्धशिशीवर घेतलेले कर्ज आणि त्या कर्जाचे व्याज, दोन्ही त्या फेडत होत्या. विद्यार्थिनींनी हे विशेष ध्यानात ठेवावे. आम्ही पाहतो त्याप्रमाणे वॉर्डातल्या कपाटातली गोळी मागून घेण्याची सवय पहिल्या वर्षापासूनच लागते.

गोळ्या थांबविणे सोपे नव्हते. पहिला आठवडाभर दुखणे आधीपेक्षा वाढले. त्यासाठी रजा लागली. महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ प्रमाणे वर्षाला वीस दिवस अर्धवेतनी रजा जमा होते आणि वैद्यकीय प्रमाणपत्रावर ती निम्म्या दिवसांच्या पूर्ण पगारी परिवर्तित रजेत बदलता येते. आमच्या पत्नींच्या खाती ही रजा शेकड्याने पडून होती. त्या मात्र दुखण्याच्या दिवशी वर्षातल्या आठ किरकोळ रजा संपवून पुढे बिनपगारी राहत होत्या. आपल्या खात्यात काय शिल्लक आहे हे न पाहणारे ग्राहक आम्हाला बँकेत रोज भेटतात. ते घरातच आहेत हे ठाऊक नव्हते.

आता औषधांबद्दल. दोन प्रकार आहेत : झटका आल्यावर घेण्याचे आणि झटके कमी व्हावेत म्हणून रोज घेण्याचे. पहिल्या प्रकारात सुमाट्रिप्टान, रिझाट्रिप्टान इत्यादी येतात. ठणका सुरू होताच घेतले तर ते चांगले लागू पडते. "एवढी इंजेक्शनची फेरी आटोपते, मग घेते," असे करणाऱ्या सिस्टरला त्याचा उपयोग निम्मा होतो. हृदयविकार असलेल्यांना ही औषधे चालत नाहीत, आणि अर्गोटामीन घेतल्यापासून चोवीस तासांत ती घेऊ नयेत.

रोजच्या औषधांची निवड करताना परिचारिकेचे काम पाहावे लागते, हे आम्हाला नवीन होते. अमिट्रिप्टिलीन रात्री झोपताना घेतात, त्याने गुंगी येते; मग नाइट ड्यूटीच्या आठवड्यात ते केव्हा घ्यायचे? टोपिरामेटने काहींना ऐन वेळी शब्द आठवत नाहीत, बोटांना मुंग्या येतात. ओव्हर देताना शब्द आठवले नाहीत तर काय होईल? शिवाय हे औषध आणि व्हॅलप्रोएट, दोन्ही गर्भास अपायकारक असल्याने तरुण भगिनींनी डॉक्टरांना तसे स्पष्ट विचारावे. प्रोप्रॅनोलॉल दमेकऱ्यांना देत नाहीत. आमच्या पत्नींना दमा नसल्यामुळे तेच लहान मात्रेपासून सुरू झाले. गुण आला की नाही हे ठरवायला दोन-तीन महिने द्यावे लागतात; पुष्कळजण पंधरा दिवसांत कंटाळून सोडतात. सीजीआरपीला अडविणारी इंजेक्शनेही आली आहेत. त्यांपैकी पहिल्यास अमेरिकेत २०१८ मध्ये मान्यता मिळाली. पण त्यांचा खर्च आमच्यासारख्या पगारदाराने आधी वहीत मांडून पाहावा.

ज्या स्त्रियांना ऑरा होतो त्यांनी इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. पक्षाघाताचा धोका वाढतो. तसेच वीज कोसळावी तशी अचानक उठलेली डोकेदुखी, ताप व मान ताठणे, हातापायातली शक्ती जाणे, पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेले दुखणे, यांस अर्धशिशी समजून घरी थांबू नये.

वॉर्डात सांगायचे की नाही, यावर आमच्या घरात बरेच दिवस वाद झाला. आमचे मत सांगू नये असे होते. बढतीच्या वेळी कागद पुढे येईल, सहकारी कुजबुजतील, ही भीती. त्या म्हणाल्या, "त्या रात्री ती पोरगी नसती तर? मी सांगणार." त्यांनी प्रमाणपत्र जोडून इनचार्ज सिस्टर व मेट्रन यांना लेखी अर्ज दिला. मागण्या मोठ्या नव्हत्या. दुपारपाळीनंतर लगेच दुसऱ्या दिवशी सकाळपाळी लावू नये, कारण झोप मोडली की झटका ठरलेला. नाइट सलग देऊन नंतरची सुट्टी तोडू नये. झटका सुरू झाल्यास गोळी घेऊन वीस-पंचवीस मिनिटे अंधारात बसू द्यावे. आणि नजर गेलेली असेल तोवर औषध भरण्याचे काम दुसऱ्या सिस्टरने करावे. नर्सिंग स्टेशनवरची फडफडणारी ट्यूब बदलावी, हेही त्यांनी लिहिले. सर्वांत आधी ट्यूब बदलली गेली. नाइटमधून कायमची सूट मिळाली नाही. मनुष्यबळच नाही, असे उत्तर आले, आणि ते खोटे नव्हते.

सहकाऱ्यांच्या बाजूनेही पाहिले पाहिजे. एकीची ड्यूटी सरकली की ती दुसरीच्या डोक्यावर येते. एका सिस्टरने तोंडावर म्हटले, "डोकं काय, आम्हालाही आहे." त्यात नवल नाही, तेच वाक्य आम्ही घरात दहा वर्षे म्हणत होतो. आमच्या पत्नींनी मग दिवाळीच्या आणि नाताळच्या ड्यूट्या स्वतःकडे घेतल्या. चौदा एप्रिल आणि बुद्धपौर्णिमा तेवढी त्या मागून घेतात. यामुळे कुरकूर पुष्कळ कमी झाली. एका तरुण सिस्टरने तर हळूच येऊन विचारले, "मॅडम, ती वही कशी आखायची?" आता त्या वॉर्डात तीन वह्या आहेत.

बाकी पथ्ये सर्वांना माहीत असतात, पाळली जात नाहीत. त्यांच्या झोळीत राजगिऱ्याचा लाडू, पाण्याची बाटली, काळा चष्मा, ट्रिप्टानची पट्टी आणि उलटीची एक गोळी असते. फेरी लांबली तरी अकराला चार घास खायचेच, हे त्यांनी स्वतःशी ठरविले आहे. सुट्टीच्या दिवशी दुपारपर्यंत झोपणे बंद केले, कारण जास्त झोपेनेही दुखते. ही गोष्ट वहीनेच दाखविली. चहा दिवसातून दोन. आम्ही घरी उदबत्ती लावणे थांबविले आहे.

सहा महिन्यांनी दुखण्याचे दिवस एकवीसवरून नऊवर आले. त्यानंतर एकदा, उन्हाळ्यात, पुन्हा चौदापर्यंत गेले. मात्रा वाढवावी लागली. रोग गेलेला नाही. हा लेख लिहीत असताना चालू महिन्याच्या वहीत तेवीस तारखेपर्यंत सहा दिवसांपुढे दुखण्याची खूण आहे आणि चार दिवसांपुढे गोळीची. आज त्यांची दुसरी नाइट आहे. वही सोबत घेऊन गेल्या आहेत.