जुनं पात्र परत आलंय, घ्यावं का?

'गेन्शिन इम्पॅक्ट' हा खेळ २८ सप्टेंबर २०२० ला सुरू झाला आणि तेव्हापासून मी तो खेळतो आहे. दिवसा हिंगणघाटातल्या एका जिनिंगमध्ये हिशेबाचं काम, रात्री जेवण झाल्यावर तासभर हा खेळ. कापसाचा हंगाम भरात असला की तो तासही मिळत नाही. पण इतकी वर्षं टिकून खेळणारा म्हणून नात्यातली, गल्लीतली कॉलेजची मुलं माझ्याकडे येतात आणि बहुतेक वेळा प्रश्न एकच असतो : "दादा, अमुक जुनं कॅरेक्टर परत आलं. घेऊ का?"

प्रश्न दिसतो साधा. पण त्याच्या उत्तरावर एखाद्या मुलाची वर्षभराची जमवाजमव अवलंबून असते, आणि कधीकधी घरचे पैसेही. म्हणून जे पाहिलं आणि जे शिकलो ते एकदा नीट मांडून ठेवतो.

ज्यांना या खेळाची ओळख नाही त्यांच्यासाठी आधी गणित. खेळ फुकट आहे, पण त्यातली चांगली पात्रं सोडतीतून मिळतात. एका सोडतीला, मुलांच्या भाषेत एका 'पुल'ला, १६० प्रायमोजेम (खेळातलं चलन) लागतात. पंचतारांकित पात्र लागण्याची मूळ शक्यता ०.६ टक्के. ९० पुलच्या आत एक पंचतारांकित नक्की मिळतं, पण ते तुम्हाला हवं तेच असेल याची खात्री नाही. हवं ते की दुसरं, या 'फिफ्टी-फिफ्टी'त हरलात तर दुसरंच कुणीतरी हाती येतं आणि पुढच्या वेळी मात्र हवं ते नक्की. म्हणजे नशीब पूर्ण रुसलं तर १८० पुल, २८,८०० प्रायमोजेम. रोजची चार कामं केल्यावर ६० प्रायमोजेम मिळतात. फक्त त्यावर जमवायचं म्हटलं तर ४८० दिवस. इव्हेंट, 'स्पायरल अ‍ॅबिस'च्या मजल्यामजल्यांच्या कठीण लढाया यांतून भर पडते, तरी एका पात्रामागे कित्येक महिने जातात. पैसे देऊन घेतलेल्या महिन्याच्या कार्डातून तीस दिवसांत एकूण ३,००० मिळतात. त्या हिशेबानं जवळजवळ दहा कार्डं.

मर्यादित पात्राचा बॅनर, म्हणजे त्याची खास सोडत, साधारण तीन आठवडे राहतो आणि जातो. पुन्हा कधी येईल ते कुणी आधी सांगत नाही. जुन्या पात्राची ओढ सगळ्यात जास्त वाढते ती इथेच.

माझ्या मामेभावाचं उदाहरण डोळ्यांसमोर घडलं. तो तेव्हा नागपूरला हॉस्टेलवर होता. जुलै २०२३ मध्ये युला परत आली. ती पहिल्यांदा आली मे २०२१ मध्ये, मग त्याच वर्षी नोव्हेंबरच्या शेवटी, आणि त्यानंतर दीड वर्षाहून जास्त काळ तिचा पत्ता नव्हता. तो फोनवर म्हणाला, "दादा, इतक्या दिवसानं आली. आता नाही घेतली त मंग कधी घेऊ? मले थेच पायजे." मी त्याला विचारलं, तिच्या जोडीला कोण आहे तुझ्याकडे? त्याला तो प्रश्न नको होता. साठवलेलं सगळं त्यानं लावलं, फिफ्टी-फिफ्टी हरला, आणि मग मेसचे म्हणून घरून आलेल्या पैशांतून प्रायमोजेम घेतले. युला मिळाली.

आता युला काय करते ते बघा, म्हणजे पुढचं कळेल. तिचा सगळा मारा शारीरिक, म्हणजे फिजिकल डॅमेज. अल्टिमेट वापरलं की तिच्यासोबत फिरणारी प्रकाशाची एक तलवार तयार होते, युलाच्या प्रत्येक घावानं ती भरत जाते आणि सात सेकंदांनी फुटते. ती फुटण्याआधी युलाला मैदानावरून काढलं तर तलवार लगेच फुटते आणि मारा कमी पडतो. त्या सात सेकंदांत शत्रू दूर सरकला तर सगळी मेहनत वाया. शत्रूचा फिजिकल प्रतिकार ४० टक्क्यांनी उतरवणारं सुपरकंडक्ट लागतं, म्हणजे विजेचं पात्र सोबत हवं. ती जागा रायडेन शोगुन सगळ्यात चांगली सांभाळते. ती त्याच्याकडे नव्हती. फिजिकल माऱ्याला नेमका जोर देणारी सपोर्ट पात्रं या खेळात मोजकीच आहेत, त्यांतला मिका त्याच वर्षी आला होता. तोही त्याच्याकडे नव्हता. युलासाठी लागणारा आर्टिफॅक्टचा, म्हणजे पात्राची ताकद वाढवणाऱ्या वस्तूंचा, संच त्यानं कधी जमवलेलाच नव्हता.

त्यानंतर १६ ऑगस्टला फोन्टेन हा नवा प्रदेश खेळात आला. सप्टेंबरमध्ये झोंगलीचा बॅनर परतला. ८ नोव्हेंबरला फुरिना आली, जी आपल्या टीममधल्या प्रत्येकाचा मारा वाढवते आणि अनेक टीममध्ये बसते. त्याच्याकडे पुलच उरले नव्हते. ज्या टीमच्या जोरावर त्याला अ‍ॅबिसचा बारावा मजला गाठायचा होता, ती उभीच राहिली नाही. वर्ष संपेपर्यंत त्यानं खेळ उघडणं बंद केलं. मेसच्या पैशांचं घरी कळलं तेव्हा मामा रागावले, पण त्याहून जास्त मामी घाबरल्या.

युला वाईट पात्र आहे असं मी म्हणणार नाही. ज्यांच्याकडे रायडेन आहे, मिका आहे आणि संच जमलेला आहे, त्यांना ती आजही कामाला येते. प्रश्न तिच्या जुनेपणाचा नव्हता. तिला ज्या घरात आणलं त्या घरात तिच्यासाठी काहीच तयार नव्हतं.

याच्या उलट झोंगली. तो १ डिसेंबर २०२० ला आला तेव्हा त्याच्यावर एवढी टीका झाली की फेब्रुवारी २०२१ मधल्या आवृत्तीत कंपनीला त्याची ताकद वाढवावी लागली. मी त्याला सुरुवातीलाच घेतलं होतं. तो स्वतः शत्रूला फार मारत नाही, पण त्याची ढाल भक्कम असते आणि आसपासच्या शत्रूंचा प्रतिकार २० टक्क्यांनी उतरवते. इतक्या वर्षांत नवी पात्रं किती आली, मारा करणारे किती बदलले, तरी ढाल हवी असली की मी अजून त्यालाच घेतो. बेनेट तर चार ताऱ्यांचा, खेळ सुरू झाला त्या दिवसापासूनचा. टीमला जखमेतून सावरणं आणि मारा वाढवणं ही दोन्ही कामं एकटाच करतो, म्हणून त्याची मागणी अजून संपलेली नाही.

गरजेनुसार मोल ठरतं, हे हिंगणघाटच्या माणसाला फार समजावून सांगावं लागत नाही. एकोणिसाव्या शतकात 'हिंगणघाट' या नावानं इथला लांब धाग्याचा देशी कापूस दूरवर ओळखला जायचा. पुढे जास्त रुई देणाऱ्या जाडसर वाणांनी शेतं व्यापली आणि तो नामांकित कापूस मागे पडला. त्याचा धागा बिघडला म्हणून तसं झालं नाही, विकत घेणाऱ्याची गरज बदलली होती. पात्राचंही तसंच. त्याच्यावर लिहिलेले आकडे तेच राहतात, पण खेळ त्याच्याकडून काय मागतो ते बदलत जातं.

म्हणून कुणी विचारलं की मी आता चार प्रश्न विचारतो. तेच तुम्हीही स्वतःला विचारा.

पहिला प्रश्न, या पात्राचं काम काय? मुख्य मारा करणारी पात्रं लवकर जुनी होतात, कारण प्रत्येक नवी आवृत्ती त्याहून जोराचा मारा करणारं कुणीतरी आणते. ढाल, उपचार, शत्रूचा प्रतिकार उतरवणं, दुसऱ्याचा मारा वाढवणं ही कामं हळू जुनी होतात. २०२१ च्या जूनअखेर आलेला काझुहा याचं चांगलं उदाहरण आहे. शत्रूंना गोळा करणं आणि टीमचा एलिमेंटल मारा वाढवणं ही त्याची दोन्ही कामं अजून लागतात. व्हेंटी मात्र शत्रूंना हवेत उचलून धरण्यात वाकबगार. हलक्या शत्रूंपुढे त्याच्यासारखा कुणी नाही, पण मोठे, जड शत्रू त्याच्यानं उचलले जात नाहीत आणि तिथे त्याचं मोल निम्मं होतं. ज्या लढाया तुम्हाला जिंकायच्या आहेत तिथले शत्रू कसे आहेत ते आधी बघा.

दुसरा प्रश्न, हे काम करणारं माझ्याकडे आधीच कुणी आहे का? असेल तर नवं पात्र थोडं जास्त चांगलं असूनही तुमच्या टीमला फारसा फरक पडणार नाही. नसेल तर जुनं, मागे पडलेलं म्हणवलं जाणारं पात्रही तुमचा खेळ बदलून टाकेल. याच कारणानं दोन मुलांना एकाच पात्राबद्दल मी दोन उलट सल्ले देतो, आणि दोन्ही बरोबर असतात.

तिसरा प्रश्न, त्याला वाढवायला मी तयार आहे का? पात्र मिळालं की खर्च सुरू होतो. त्यासाठी लागणारी ऊर्जा, म्हणजे रेझिन, मिळतं दर आठ मिनिटांनी एक, म्हणजे दिवसाला १८०. आर्टिफॅक्टच्या एका फेरीला २० लागतात, म्हणजे दिवसाला नऊ फेऱ्या. एक धड संच जमायला आठवडे लागतात, आणि त्या आठवड्यांत दुसरं कुणी वाढत नाही. बॅनर चालू असताना खेळातच त्या पात्राची चाचणी घेता येते, ती जरूर घ्या. पण चाचणीतल्या पात्राला कंपनीनं उत्तम शस्त्र, तयार संच आणि जमलेली टीम दिलेली असते हे विसरू नका. तुमच्याकडे आलेलं पात्र पहिल्या दिवशी तसं लढणार नाही. चाचणीत मारा किती होतो याकडे कमी लक्ष द्या. त्याला चालवणं तुम्हाला जमतंय का, हातात बसतंय का, ते बघा.

चौथा प्रश्न, पुढे काय येतंय? खेळाची आवृत्ती साधारण सहा आठवड्यांची असते आणि पुढच्या आवृत्तीतले बॅनर कंपनी आधी जाहीर करते. तोवर थांबायला काही बिघडत नाही, कारण पिटीचा आकडा, म्हणजे पंचतारांकित न लागलेल्या पुलची मोजदाद, आणि गॅरंटी एका पात्र-बॅनरवरून पुढच्या पात्र-बॅनरवर जाते. न वापरलेले पुल वाया जात नाहीत. शिवाय जुनं पात्र कायमचं जुनं राहतं असंही नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये डेंड्रो हा एलिमेंट खेळायला मिळाला आणि मागे पडलेल्या विजेच्या पात्रांना एका रात्रीत नवी कामं मिळाली. मार्च २०२४ मध्ये युला, क्ली, अल्बेडो यांच्यासाठी वेगळाच बॅनर निघाला. याच कंपनीच्या 'होन्काई : स्टार रेल' या खेळात जुलै २०२५ मध्ये काफ्का, सिल्व्हर वुल्फ, ब्लेड, जिंगलियू या जुन्या पात्रांची ताकद वाढवली गेली. तेव्हा 'आता नाही तर कधीच नाही' हे वाक्य डोक्यात आलं की तिथेच थांबायचं.

चारही उत्तरं विरोधात गेली आणि तरी ते पात्र मनापासून आवडत असेल तर? तर घ्या. खेळ आनंदासाठी आहे. त्याची गोष्ट आवडली, आवाज आवडला, एवढं कारण पुरे आहे. फक्त ते खेळून कमावलेल्या प्रायमोजेमनं घ्या, आणि अ‍ॅबिस जिंकण्यासाठी घेतलं असं स्वतःला सांगू नका.

पैशांबद्दल माझं मत ठाम आहे. शिकणाऱ्या मुलानं सोडतीवर पैसे लावू नयेत, आणि कमावणाऱ्यानंही महिन्याच्या सुरुवातीला ठरवलेल्या रकमेपुढे जाऊ नये. सगळ्यात धोक्याची वेळ फिफ्टी-फिफ्टी हरल्यानंतरची. 'आता तर गॅरंटी आहे' म्हणून हात मोबाइलवरच्या पैशांकडे जातो. त्या रात्री खेळ बंद करून झोपा. गॅरंटी कुठे पळून जात नाही, ती जपून ठेवली तर पुढच्या वर्षीही तुमचीच असते. तयार अकाउंट स्वस्तात विकतो म्हणणाऱ्यांच्या वाटेलाही जाऊ नका. अशी खरेदी-विक्री कंपनीच्या नियमांत बसत नाही, आणि पैसे गेले तर दाद मागायला जागा नाही.

आईवडिलांनाही सांगतो. मुलाला फोन द्या, पण यूपीआयचा पिन देऊ नका, आणि प्ले स्टोअरवर प्रत्येक खरेदीला पासवर्ड विचारला जाईल अशी सोय करून ठेवा. ही काळजी फक्त आपल्याकडची नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं जानेवारी २०२५ मध्ये याच खेळाच्या कंपनीला दोन कोटी डॉलर भरायला लावले आणि सोळा वर्षांखालच्या मुलांना पालकांच्या संमतीशिवाय सोडतीचा माल विकू नये असं बंधन घातलं. जपाननं तर २०१२ मध्येच 'कम्प्लीट गाचा' हा सोडतीचा एक प्रकार बेकायदा ठरवला. मुलाला या खेळाचं वेड आहे म्हणून त्याला वाईट समजू नका. त्याच्याशेजारी बसा, कुणाला घ्यायचं ठरवतोय आणि का, ते विचारा. कारण सांगता आलं तर तो विचार करून खेळतोय.

मामेभाऊ आता नोकरीला लागला आहे आणि पुन्हा खेळतो. जुनं पात्र परत आलं की तो आधी आपली टीम कागदावर लिहितो आणि रिकामी जागा कोणती ते बघतो. तुम्हीही एवढंच करा : पात्र किती जुनं ते नंतर विचारा, आधी आपल्या टीममध्ये त्याला काम आहे का ते बघा. काम असेल तर जमवलेल्यातून घ्या, नसेल तर पुल राखून ठेवा.