छत्तीस हजार किलोमीटर आणि शेवटचे तीस

संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत २०११ साली काँगोतल्या गोम्याला होतो. सिग्नलवाला माणूस, त्यामुळे सोबतीला बंदुकीपेक्षा डिश जास्त. तिथं शिकलो ते असं.

१. उपग्रहाची काळजी करू नका, अर्थिंगची करा. गोमा न्यिरागोंगो ज्वालामुखीच्या पायथ्याशी. २००२ च्या उद्रेकातला लाव्हा शहरात जागोजागी थिजलेला. पहार मारली की ठिणगी उडायची, अर्थिंगचा रॉड काही आत जाईना. त्यात पूर्व काँगो म्हणजे विजांचं माहेर. शेवटी सुरुंगानं खड्डा केला, कोळसा-मीठ भरलं आणि रोज सकाळी तुळशीला घालावं तसं दोन बादल्या पाणी घालायला लागलो. पोरं हसायची. पहिलं मोडेम जळाल्यावर थांबली.

२. विषुववृत्ताजवळ उपग्रह जवळपास डोक्यावर, म्हणून डिशही आभाळाकडे तोंड करून परातीसारखी पडलेली. पाणी जाण्याची भोकं पानांनी बुजली की लिंक गेलीच. धो धो पावसात केयू बँड आधी मान टाकतो, सी बँड तग धरतो.

३. घरी बोलताना धीर धरा. आवाज ३६,००० किलोमीटर वर जाऊन खाली येतो. तुमचं बोलणं पोचून उत्तर ऐकू येईस्तोवर अर्धा सेकंद जातो. तेवढ्यात दोघंही बोलायला लागतात. बायकोला म्हटलं, वाक्य संपलं की ‘ओव्हर’ म्हण. सुट्टीवर आलो तर साताऱ्यातही म्हणायची.

४. जुना एचएफ रेडिओ सेट चालू ठेवा. बास.

५. हे मात्र उशिरा कळलं. गोम्याहून न्यूयॉर्कशी बोलता येत होतं, पण जुलै २०१० च्या अखेरीस लुवुंगी आणि आसपासच्या गावांत चार दिवस सामूहिक बलात्कार चालू होते आणि तीसेक किलोमीटरवरच्या शांतिसेनेच्या चौकीला वेळेवर पत्ता लागला नाही. गावात मोबाइलची रेंजच नव्हती. तीनशेहून जास्त पीडित. पुढे शांतिसेनेनं स्थानिक दुभाषे नेमले, रेंज असेल तिथं गावकऱ्यांना फोन दिले, नसेल तिथं एचएफ सेट. बॅलन्स कुणाकडेच नसायचा. लोक मिस्ड कॉल द्यायचे, तिकडे त्याला ‘बीप’ म्हणतात. रात्री बीप आला की गस्त निघायची. गावात वीज नाही, म्हणून दिवसा हेच फोन आमच्या जनरेटरवर चार्जिंगला यायचे. टेबलावर सात फोन, प्रत्येकावर चिकटपट्टीनं गावाचं नाव. जेवणाआधी ते मोजायचो, डिशकडे मग बघायचो.