दुर्मीळ पक्ष्यांचे छायाचित्र : छंद आणि साक्ष

यवतमाळ जिल्ह्याच्या पश्चिम भागातील पुसद तालुका पूस आणि पैनगंगा या दोन नद्यांच्या खोऱ्यांत वसला आहे. सागाची पानझडी वने, उघडे माळ, कापूस-ज्वारीची काळी शेते आणि पाटबंधारे प्रकल्पांमुळे निर्माण झालेले विस्तीर्ण जलाशय असे भूमीचे चार प्रकार येथे थोड्या अंतरात एकवटले आहेत. पक्ष्यांच्या दृष्टीने ही मोठीच अनुकूलता होय. हिवाळ्यात जलाशयांवर परदेशी बदके उतरतात, उन्हाळ्याच्या अखेरीस सागवनात नवरंगाची शीळ ऐकू येते आणि पावसाळ्यात माळावरील गवतात जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची विणीची लगबग चालते.

अलीकडच्या काळात कॅमेरा सर्वसामान्यांच्या आटोक्यात आला. सुटीच्या दिवशी चार मित्रांनी मिळून पहाटे निघावे, पूस प्रकल्प, ईसापूर जलाशय वा पैनगंगा अभयारण्य गाठावे आणि दुर्मीळ पक्ष्यांची छायाचित्रे घ्यावीत, हा छंद तालुक्याच्या गावांतूनही रुजू लागला आहे. तरुण, शिक्षक, डॉक्टर, शासकीय कर्मचारी असे सर्व थरांतील लोक त्यात दिसतात. हा छंद स्वागतार्ह आहे. तथापि, असे छायाचित्र केव्हा ज्ञानाचे साधन ठरते आणि केव्हा त्याच पक्ष्याच्या नाशास कारण होते, याचा विचार छायाचित्रकारांनी आणि ज्यांच्या शिवारात ते येतात त्या गावांनीही करणे अगत्याचे आहे.

‘दुर्मीळ’ कोणास म्हणावे?

दुर्मीळ हा शब्द सैलपणे वापरला जातो. वस्तुतः त्याचे तीन अर्थ संभवतात. जगातच ज्यांची संख्या अत्यल्प उरली आहे असे पक्षी पहिल्या वर्गात येतात. महाराष्ट्रातील रानपिंगळा, तणमोर व माळढोक ही त्याची उदाहरणे होत. दुसरा वर्ग ठरावीक ऋतूत दुरून येणाऱ्या पाहुण्यांचा. मध्य आशियातून हिमालय ओलांडून येणारा पट्टकदंब हंस हा त्यांपैकी होय. तिसऱ्या वर्गातील पक्षी अन्यत्र विपुल असतात, परंतु आपल्या तालुक्यात क्वचितच दिसतात. या तिन्हींच्या नोंदीचे मोल आणि छायाचित्र घेताना पाळावयाची दक्षता सारखी नसते. पाहुण्या हंसाचे स्थळ सर्वांना सांगितले तरी फारशी हानी होत नाही. तणमोराच्या घरट्याचे स्थळ प्रसिद्ध केल्यास मात्र ती वीण वाया जाण्याचा धोका असतो.

रानपिंगळ्याचा धडा

छायाचित्र आणि त्यासोबतची नोंद यांचे महत्त्व रानपिंगळ्याच्या इतिहासावरून जितके स्पष्ट होते, तितके अन्य कोणत्याही उदाहरणावरून होणार नाही.

या लहानशा घुबडाचे शास्त्रीय वर्णन १८७३ साली ॲलन ह्यूम यांनी केले. त्यापूर्वी एक वर्ष ब्लेविट यांनी आजच्या छत्तीसगढमधील फुलझर भागात त्याचा पहिला नमुना मिळविला होता. पुढे खानदेशात जेम्स डेव्हिडसन या अधिकाऱ्याने आणखी काही नमुने गोळा केले. १८८४ नंतर मात्र या पक्ष्याचा विश्वासार्ह पुरावा कोणासही मिळाला नाही. अपवाद केवळ एका नमुन्याचा होता. रिचर्ड माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याच्या संग्रहातील त्या नमुन्याच्या चिठ्ठीवर १९१४ हे वर्ष आणि गुजरातेतील मांडवी हे स्थळ लिहिलेले होते.

ही चिठ्ठी खोटी होती. अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी केलेल्या तपासणीत, तो नमुना डेव्हिडसन यांनी पूर्वी गोळा केलेला असून ब्रिटिश संग्रहालयातून चोरून, नव्याने भरून, खोट्या स्थळकाळाने मांडण्यात आला होता, असे सिद्ध झाले. एका खोट्या चिठ्ठीने पक्ष्याचा अखेरचा ज्ञात काळ तीस वर्षांनी पुढे ढकलला आणि शोधकांना भलत्याच ठिकाणी पाठविले.

विदर्भाचाही या कथेशी संबंध आहे. १९६८ मध्ये नागपूरच्या परिसरात रानपिंगळ्याची छायाचित्रे घेतल्याचा दावा करण्यात आला आणि १९७६ साली तो प्रसिद्धही झाला. पुढे बारकाईने पाहता ती छायाचित्रे आपल्या गावोगावी आढळणाऱ्या साध्या पिंगळ्याची असल्याचे दिसून आले. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके स्पष्ट असतात. रानपिंगळ्याचे डोके बहुतांशी एकरंगी दिसते. त्याचे पंजे व चोच अधिक दणकट, शेपटीवरील पट्टे रुंद आणि पोटाचा खालचा भाग पांढरा असतो. शिवाय तो दिवसाही शिकार करतो. ही लक्षणे छायाचित्रात उमटली नाहीत, अथवा पाहणाऱ्यास ती ठाऊक नसली, तर कॅमेरा असूनही ओळख चुकते.

अखेर १९९७ च्या नोव्हेंबर महिन्यात रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट असे तिघे या पक्ष्याच्या शोधार्थ भारतात आले. मांडवीची नोंद त्यांनी बाजूस ठेवली व खऱ्या नमुन्यांच्या स्थळांचाच माग घेतला. पूर्वेकडील जुन्या ठिकाणी निराशा पदरी आल्यावर ते खानदेशात उतरले. २५ नोव्हेंबर रोजी सकाळी शहाद्याजवळ, त्या वेळच्या धुळे व आजच्या नंदुरबार जिल्ह्यात, एका निष्पर्ण झाडावर त्यांना रानपिंगळा दिसला. ११३ वर्षांनंतर झालेले हे दर्शन त्यांनी चलच्चित्रात व छायाचित्रांत टिपले. या वेळी पक्षी मारण्याची आवश्यकता भासली नाही. स्थळ, दिनांक आणि ओळखीची लक्षणे दाखविणारी चित्रे एवढा पुरावा जगाने ग्राह्य मानला. पुढे विदर्भातील मेळघाटात आणि २०१४ साली मुंबईच्या उत्तरेकडील तानसा अभयारण्यातही हा पक्षी आढळला.

या इतिहासाचे सार असे की, छायाचित्र ही साक्ष आहे आणि साक्षीस सत्यता लागते. कोठे, केव्हा व कोणत्या स्थितीत हे नोंदविले नसेल, तर उत्तम चित्रही केवळ भिंतीची शोभा ठरते. नोंद खोटी असेल, तर ते शास्त्राची दिशाभूल करते.

मित्रांचा प्रवास आणि कामाची वाटणी

पक्षिछायाचित्रणाच्या क्षेत्रात मैत्रीने मोठे कार्य घडविल्याचे उदाहरण डॉ. सालिम अली आणि लोक वान थो यांचे आहे. दुसऱ्या महायुद्धात सिंगापूर पडल्यावर लोक वान थो भारतात आश्रयास आले व मुंबईत त्यांचा सालिम अलींशी स्नेह जुळला. पुढे दोघांनी पक्ष्यांच्या शोधार्थ अनेक प्रवास एकत्र केले. एकाने कॅमेरा सांभाळावा, दुसऱ्याने पक्ष्याचे वर्तन पाहून टिपणे करावीत, अशी ही जोडी होती. लोक वान थो यांचा ‘ए कंपनी ऑफ बर्ड्स’ हा ग्रंथ १९५७ साली प्रसिद्ध झाला.

आपल्याकडील मित्रमंडळांनीही हाच आदर्श ठेवावा. चौघांनी चार कॅमेरे घेऊन एकाच पक्ष्यामागे धावण्यात लाभ नाही. एकाने छायाचित्र घ्यावे. दुसऱ्याने दुर्बिणीतून लक्षणे पाहावीत. तिसऱ्याने वहीत दिनांक, वेळ, गावाचे व शिवाराचे नाव, अधिवास, पक्ष्यांची संख्या आणि त्यांचे वर्तन लिहावे. चौथ्याने आसपासच्या गुराखी, मच्छीमार व शेतकरी बांधवांशी बोलावे. कोणता पक्षी कोणत्या महिन्यात येतो, तो पूर्वी अधिक दिसत असे की कमी, ही माहिती त्यांच्यापाशीच मिळते. आंध व बंजारा वस्त्यांमधील वृद्धांना पक्ष्यांची स्थानिक नावे व सवयी ठाऊक असतात. ती नावेही लिहून ठेवावीत.

काही वेळा एका छायाचित्रातून अनपेक्षित माहिती हाती येते. मंगोलियात शास्त्रज्ञांनी गळ्यात क्रमांकाची पट्टी घातलेले पट्टकदंब हंस कर्नाटकातील तलावांवर दिसले आहेत. पट्टीवरील अक्षरे छायाचित्रात वाचता आली, म्हणजे तो हंस कोठून आला हे निश्चित कळते. हंसांच्या थव्याचे छायाचित्र घेतल्यावर प्रत्येकाची मान लक्षपूर्वक तपासावी ती याचसाठी.

घरट्याजवळचा कॅमेरा

पक्षी घरटे सोडून दूर जात नाही, म्हणून विणीच्या काळात त्याचे छायाचित्र घेणे सोपे असते. नेमका धोकाही तेथेच असतो.

विदर्भातील उन्हाळ्याचा विचार करावा. जलाशयांची पातळी खाली गेली की उघड्या पडलेल्या बेटांवर नदी सुरय उघड्या वाळूत अंडी घालतो. टिटवी माळावर वा पडीक शेतात घालते. अशा पक्ष्यांचे अंड्यांवर बसणे हे ऊब देण्यापेक्षा सावली देण्यासाठी अधिक असते. ते पोटाची पिसे पाण्यात भिजवून आणतात व अंडी थंड ठेवतात. माणूस जवळ येताच पक्षी उडतो. एप्रिल-मे महिन्यांतील दुपारी छायाचित्रकार जवळ थांबून राहिला, तर तेवढ्या वेळात उन्हाने अंड्यातील जीव मरू शकतो. छायाचित्र उत्तम निघते. वीण मात्र वाया जाते आणि ते कोणाच्या लक्षातही येत नाही.

झाडावरील घरट्यांबाबतही असेच घडते. चित्र स्पष्ट यावे म्हणून घरट्यापुढील फांद्या तोडल्या की पिलांवर ऊन येते आणि कावळ्यांना घरटे दिसते. ध्वनिमुद्रित आवाज वारंवार वाजवून पक्ष्यास बाहेर बोलाविल्यास, प्रतिस्पर्धी आला असे समजून तो विनाकारण शक्ती खर्च करतो. रात्री घुबडांच्या डोळ्यांवर प्रखर प्रकाश टाकणे हेही वर्ज्य मानावे.

पुसदच्या शेजारील वाशीम आणि त्यापलीकडील अकोला जिल्ह्यांत तणमोराची नोंद आहे. पावसाळ्यात गवतातून उंच उडी घेऊन नर मादीला आकर्षित करतो. ही उडी टिपण्याचा मोह प्रत्येक छायाचित्रकारास होतो. परंतु मादी त्याच परिसरातील गवतात जमिनीवर अंडी घालून बसलेली असू शकते. माळावर वाहन घातल्यास चाकाखाली काय येईल, याचा भरवसा नाही. या भागात फासेपारधी समाजातील लोक तणमोराच्या संरक्षणात सहभागी झाले आहेत. पूर्वी ज्या कौशल्याने पक्षी पकडला जाई, त्याच कौशल्याने आता त्याची राखण व्हावी, ही समाधानाची बाब होय.

यावर उपाय साधे आहेत. वाहन रस्त्यावरच ठेवावे. पक्षी मान उंचावून पाहू लागला, ओरडू लागला वा सरकू लागला, तर आपण फार जवळ आलो असे समजून मागे फिरावे. पक्ष्यास दिसू नये म्हणून कापडाचा वा पालापाचोळ्याचा जो आडोसा करतात, त्यास जाणकार ‘लपण’ म्हणतात. त्यात पक्षी येण्यापूर्वी बसावे व पक्षी गेल्यावरच उठावे. संकटग्रस्त पक्ष्याच्या घरट्याचे छायाचित्र न घेणे हाच उत्तम नियम होय.

कायदा काय सांगतो?

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये ‘शिकार’ या शब्दाची व्याख्या व्यापक आहे. वन्य पक्ष्यांची अंडी वा घरटी नष्ट करणे तर तीत येतेच. अंड्यांना वा घरट्यांना उपद्रव देणे याचाही तीत समावेश होतो. छायाचित्रासाठी घरटे हलविणाऱ्यास ‘मी पक्षी मारला नाही’ असे म्हणून सुटता येणार नाही. अभयारण्यात छायाचित्रणासाठी प्रवेश करावयाचा असल्यास याच अधिनियमाच्या कलम २८ अन्वये परवानगी लागते. प्रवासापूर्वी संबंधित वनपरिक्षेत्र कार्यालयाशी संपर्क साधावा. परवानगीमुळे वनकर्मचाऱ्यांना आपल्या उपस्थितीची माहिती राहते आणि आपल्यालाही त्यांचा अनुभव उपयोगी पडतो.

गावाचे आणि शाळेचे कार्य

जैविक विविधता अधिनियम, २००२ नुसार प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती स्थापन करून लोक जैवविविधता नोंदवही तयार करावयाची आहे. अनेकदा या नोंदवहीतील पक्ष्यांचे पान सामान्य नावांवरच आटोपते. मित्रमंडळांनी आपली छायाचित्रे व टिपणे ग्रामपंचायतीस दिल्यास हे पान खऱ्या माहितीने भरेल. मात्र संकटग्रस्त पक्ष्यांच्या घरट्यांची नेमकी ठिकाणे समितीने व वन विभागाने आपल्यापाशीच ठेवावीत. ती चारचौघांत प्रसिद्ध करू नयेत.

गवताळ माळाचा प्रश्न पंचायत सदस्यांनी विशेषत्वाने ध्यानात घ्यावा. माळ म्हणजे पडीक, निरुपयोगी जमीन ही समजूत रूढ आहे. त्या जमिनीवर वृक्षलागवड वा चर खोदण्याचे काम हाती घेण्यापूर्वी तेथे कोणते पक्षी वीण करतात, याची चौकशी नोंदवहीवरून करता येईल. छायाचित्राचा हा सर्वांत मोठा उपयोग ठरेल.

शिक्षकांना यासाठी एक ठरलेला काळही उपलब्ध आहे. मारुती चितमपल्ली यांचा ५ नोव्हेंबर आणि डॉ. सालिम अली यांचा १२ नोव्हेंबर या जन्मदिनांच्या निमित्ताने राज्य शासनाने २०२० पासून पक्षी सप्ताह सुरू केला. याच सुमारास जलाशयांवर पाहुणे पक्षी येऊ लागतात. विद्यार्थ्यांना एक दिवस तलावाच्या काठी न्यावे. कॅमेरा नसला तरी चालेल. पक्ष्याचे चित्र काढणे, रंग व चोच लिहिणे, संख्या मोजणे आणि खाली दिनांक व गावाचे नाव घालणे हा अभ्यास त्यांच्याकडून करून घ्यावा. दरवर्षी त्याच तलावाची अशी नोंद झाली, तर दहा वर्षांनी त्या शाळेपाशी जो संग्रह असेल तो मोलाचा ठरेल.

रानपिंगळा शोधण्यास ११३ वर्षे लागली, त्यास एका खोट्या नोंदीचाही हातभार लागला; आणि तो सापडला तो खऱ्या नोंदींच्या आधारे. पुसद परिसरातील वनांत, माळांवर आणि जलाशयांवर आज कोणते पक्षी आहेत, हे पुढील पिढीस आपल्याच वह्यांवरून आणि छायाचित्रांवरून कळणार आहे. ती खरी असावीत आणि ती घेताना एकही घरटे उजाड होऊ नये, एवढी जबाबदारी या छंदासोबत प्रत्येकाने स्वीकारली पाहिजे.