नामसाधर्म्याचे चकवे

मराठ्यांच्या इतिहासाची मूळ कागदपत्रे प्रथमच हाती घेणाऱ्या अभ्यासकाला मोडी लिपी, फार्सी शब्दांचा भरणा आणि निरनिराळ्या कालगणना या तीन अडचणींची पूर्वसूचना कोणीतरी दिलेली असते. एकाच नावाच्या अनेक व्यक्ती या चौथ्या अडचणीविषयी मात्र सहसा कोणी बोलत नाही. न लागणारे अक्षर वाचकाला थांबवते, अपरिचित शब्द त्याला कोश उघडायला लावतो, पण ओळखीचे नाव त्याला थांबूच देत नाही. 'शिवाजी', 'बाजीराव', 'नाना' अशी अक्षरे दिसली की वाचक सुटकेचा निःश्वास टाकतो आणि नेमका तेथेच वाट चुकतो. दप्तरखान्यात ज्यांची वर्षे गेली, त्यांच्या अनुभवाचा कल असा आहे की, मोठ्या चुका दुर्बोध कागदांत होतात त्यापेक्षा सुबोध वाटणाऱ्या कागदांत अधिक होतात.

कोल्हापूरच्या गादीचे उदाहरण या बाबतीत फार बोलके आहे. राजाराम महाराजांचे पुत्र संभाजी, ज्यांनी १७३१ साली सातारच्या शाहू महाराजांशी वारणेचा तह केला, ते १७६० मध्ये निपुत्रिक वारले. त्यांच्या पत्नी जिजाबाई यांनी १७६२ मध्ये दत्तक घेतलेल्या मुलाचे नाव शिवाजी ठेवण्यात आले आणि १७७३ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या अल्पवयीन राजाच्या नावाने जिजाबाईंनीच कारभार पाहिला. म्हणजे या दहा-अकरा वर्षांतील कोल्हापूरच्या कागदांत जिजाबाई नावाची कर्तबगार आई, शिवाजी नावाचा लहान मुलगा आणि संभाजी नावाचा दिवंगत वडीलधारा अशी तिन्ही नावे एकत्र भेटतात. ज्याच्या मनात पुण्याच्या जहागिरीतील, सव्वाशे वर्षांपूर्वीच्या मायलेकरांचे चित्र शाळेपासून ठसलेले आहे, त्याच्या हाती अशा कागदाची वर्ष नसलेली नक्कल पडली तर काय घडेल याची कल्पना करणे कठीण नाही. या प्रसंगात सावध करणारी खूण एकच, ती म्हणजे कागदातील इतर माणसे: कारकून, सरदार, शेजारचे सत्ताधीश. त्यांच्यापैकी एकाचाही काळ निश्चित झाला, तरी घोटाळा टळतो.

ही पुनरावृत्ती योगायोगाची नव्हे. घराण्यातील दिवंगत वडीलधाऱ्याचे, विशेषतः आजोबांचे, नाव नव्या मुलाला ठेवण्याच्या रिवाजातून ती आलेली आहे. शहाजीराजांचे थोरले पुत्र संभाजी कनकगिरीच्या लढाईत पडले आणि १६५७ मध्ये जन्मलेल्या शिवाजी महाराजांच्या पुत्राला तेच नाव मिळाले. पुढे या संभाजी महाराजांच्या मुलाचे नाव शिवाजी, राजाराम व ताराबाई यांच्या मुलाचेही नाव शिवाजी, आणि राजारामांच्या दुसऱ्या पत्नी राजसबाई यांच्या मुलाचे नाव संभाजी. यांतील पहिला शिवाजी म्हणजेच मोगलांच्या कैदेतून १७०७ मध्ये सुटून आलेले शाहू महाराज, आणि १७०० पासून गादीवर बसवलेला दुसरा शिवाजी म्हणजे त्यांचा चुलतभाऊ. खेडची लढाई, जी पाठ्यपुस्तकात शाहू विरुद्ध ताराबाई अशी शिकवली जाते, ती जन्मनावांचा विचार केला तर एका शिवाजीच्या पक्षाने दुसऱ्या शिवाजीच्या पक्षाशी केलेली लढाई होती. दोन्ही पक्षांचा दावा एकाच आजोबांच्या वारशावर होता, हे लक्षात घेतले म्हणजे नावांतील हे साम्य किती अर्थपूर्ण होते तेही कळते.

पुढच्या इतिहासकारांनी सोयीसाठी 'पहिले', 'दुसरे', 'तिसरे' असे क्रमांक दिले. पण या उपायानेच एक नवा घोळ उत्पन्न झाला. ताराबाईंचे पुत्र शिवाजी हे संपूर्ण छत्रपती घराण्याचा विचार केला तर दुसरे ठरतात, केवळ कोल्हापूरच्या गादीपुरते मोजले तर पहिले. आणि त्यामुळे १७६२ मध्ये दत्तक आलेले शिवाजी काही ग्रंथांत दुसरे, तर काहींत तिसरे म्हणून वावरतात. असे क्रमांक उतरवून घेताना ग्रंथकाराने मोजणी कोठून धरली आहे हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये, आणि स्वतः लिहिताना क्रमांकाबरोबर कारकिर्दीची वर्षे दिल्याशिवाय राहू नये. समकालीन कागदात क्रमांक नसतोच. 'थोरले बाजीराव' किंवा 'थोरले माधवराव' हे शब्दप्रयोगही धाकटे झाल्यानंतरचे आहेत. तेव्हा १७३५ च्या म्हणून दाखवल्या जाणाऱ्या पत्रात पेशव्याचा उल्लेख 'थोरले बाजीराव' असा आढळला, तर ते पत्र अस्सल नसून पुढे केव्हातरी केलेली नक्कल किंवा त्याहून वाईट काहीतरी आहे, असा संशय घेणे योग्य होय.

पेशवे घराण्यात व्यक्ती ओळखण्याचे उत्तम साधन म्हणजे पित्याचे नाव, आणि ते शिक्क्यात व सहीत स्वच्छ येते. बाजीराव बल्लाळ म्हणजे बाळाजी विश्वनाथांचे पुत्र, १७४० मध्ये वारलेले. बाजीराव रघुनाथ म्हणजे राघोबादादांचे पुत्र, १८१८ मध्ये राज्य गमावून बिठूरला गेलेले आणि नात्याने पहिल्याचे नातू. ही जोडी सर्वांना माहीत असल्यामुळे निर्धोक वाटते, परंतु वसईसारखे एखादे स्थळ मध्ये आले की तीही फसवते. १७३९ मध्ये पोर्तुगिजांकडून वसई घेतली ती पहिल्या बाजीरावांचे बंधू चिमाजी अप्पा यांनी. ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईस इंग्रजांशी तह केला तो दुसऱ्या बाजीरावांनी. आणि या दुसऱ्या बाजीरावांनाही चिमाजी अप्पा नावाचा भाऊ होता, ज्याला १७९६ मध्ये काही महिने पेशवाईची वस्त्रे मिळाली होती. बाजीराव, चिमाजी आणि वसई ही त्रयी एखाद्या लेखात एकत्र आली, म्हणजे तो लेख कोणत्या शतकाविषयी आहे याचा निर्णय या तीन शब्दांवरून होत नाही. शिवाय या धाकट्या चिमाजींना सवाई माधवरावांच्या पत्नी यशोदाबाई यांच्या मांडीवर दत्तक देण्यात आले होते. आणि दत्तविधान झाले की पित्याचे नाव बदलते, म्हणजे एरवी भरवशाची असलेली हीच खूण येथे उलट फसवते.

सर्वांत अवघड प्रकरण 'नाना' या नावाचे. बाळाजी बाजीराव पेशवे यांना घरात व दरबारात नानासाहेब म्हणत. पेशवाईच्या उत्तरकाळातील मुत्सद्दी नाना फडणीस यांचे खरे नावही बाळाजीच होते, बाळाजी जनार्दन भानू, आणि तेही आजोबांवरून आलेले. त्यामुळे येथे टोपणनाव सोडून खरे नाव पाहावे हा नेहमीचा सल्ला निरुपयोगी ठरतो: दोघेही नाना, दोघेही बाळाजी, दोघांचाही पुण्याच्या कारभाराशी संबंध, आणि दोघांनाही लिहिणारी माणसे काही अंशी तीच. पुरंदरे घराण्यातही याच काळात एक नाना होते. आणि १८५७ च्या उठावातील नानासाहेब, म्हणजे दुसऱ्या बाजीरावांचे दत्तकपुत्र धोंडोपंत, यांच्यामुळे लोकांच्या स्मरणात चौथी भर पडलेली आहे. यांतील पहिले दोघे वेगळे काढण्यास पित्याचे नाव पुरते, पण घरगुती पत्रात पित्याचे नाव घालण्याचे कारणच नसते. तेथे मायना उपयोगी पडतो.

मायना म्हणजे पत्राच्या आरंभीची ठरीव संबोधनाची ओळ. 'तीर्थरूप' हा शब्द पित्यासाठी किंवा पितृस्थानी असलेल्या वडीलधाऱ्यासाठी, 'चिरंजीव' हा मुलासाठी किंवा वयाने धाकट्यासाठी, आणि 'राजश्री' हा बरोबरीच्या अथवा परक्या प्रतिष्ठितासाठी योजला जाई. तेव्हा 'तीर्थरूप नाना' आणि 'राजश्री नाना' ही दोन पत्रे एकाच हातची असतील, तर ती एकाच व्यक्तीला असण्याचा संभव फार कमी. मजकुरात 'कैलासवासी' आले की ती व्यक्ती दिवंगत आहे हे निश्चित होते आणि पत्राच्या काळाला एक कुंपण पडते. ही साधने चांगली आहेत, पण त्यांवर डोळे मिटून विसंबता येत नाही, हे पार्वतीबाईंच्या उदाहरणावरून दिसते. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर सदाशिवरावभाऊ नाहीसे झाले, परंतु त्यांच्या पत्नी पार्वतीबाई यांनी पतीचा मृत्यू मान्य केला नाही आणि १७८३ मध्ये स्वतःचा अंत होईपर्यंत त्या सौभाग्यवती म्हणूनच राहिल्या. त्यांच्या नावामागे सौभाग्यवाचक शब्द पाहून पत्र पानिपतापूर्वीचे ठरवणारा वाचक वीस वर्षांपर्यंत चुकू शकतो. याच अनिश्चिततेतून भाऊसाहेबांचा तोतया उभा राहिला, त्याच्यामागे फौज जमली, आणि १७७६ मध्ये त्याला देहान्त शिक्षा झाली तरी सर्वांचे समाधान झाले नाही. समकालीनांनाही ज्या ओळखीचा उलगडा पूर्ण झाला नाही, ती दोन शतकांनंतर एका कागदावरून पटवू पाहणाऱ्याने थोडी नम्रता बाळगलेली बरी.

कालनिर्णयाविषयी येथे थोडे सांगणे प्राप्त आहे, कारण नावाचा गुंता बहुधा वर्षानेच सुटतो. पेशवेकालीन पत्रात 'छ' या अक्षरापुढे मुसलमानी महिन्याची चांद्र तारीख असते आणि सरकारी कागदांत सुहूर सन, म्हणजे मृग नक्षत्राच्या आरंभी सुरू होणारे आणि अरबी संख्याशब्दांत लिहिले जाणारे वर्ष, दिलेले असते. 'अर्बा सबैन मया व अलफ' म्हणजे चार, सत्तर, शंभर आणि हजार, एकूण ११७४. त्यात मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंत ५९९ आणि त्यानंतर ६०० मिळवले की इसवी सन निघतो, म्हणून हे वर्ष १७७३-७४ चे, ज्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला ते. खासगी पत्रात मात्र पुष्कळदा महिना व तारीख असते आणि सन गाळलेला असतो, कारण लिहिणाऱ्याला व वाचणाऱ्याला तो ठाऊकच होता. अशा पत्रावर संपादकाने कंसात घातलेले वर्ष हे संपादकाचे अनुमान आहे, पत्राचा भाग नव्हे. राजवाड्यांचे खंड असोत किंवा सरदेसायांनी संपादिलेले पेशवे दप्तराचे ४५ भाग असोत, संपादकांची विद्वत्ता वादातीत आहे. पण त्यांनी 'माधवराव' कोणता हे ठरवून वर्ष घातले आणि नंतरच्या अभ्यासकाने त्या वर्षावरून 'माधवराव' कोणता हे ठरवले, तर पुराव्याचे एक पाऊलही पुढे पडलेले नसते. महादजी शिंदे यांचाही उल्लेख माधवराव शिंदे असा होतो आणि त्यांचे शेवटचे दिवस सवाई माधवरावांच्या कारकिर्दीतच गेले, एवढे सांगितले तरी हा इशारा पुरेसा आहे.

एकोणिसाव्या शतकात छापखाना आला, आडनावे रूढ झाली, म्हणून हा प्रश्न संपला असे नाही. १८७० च्या दशकातील लेखात नुसते 'विष्णुशास्त्री' असले तर ते पुनर्विवाहाचे कैवारी, १८६६ मध्ये पुनर्विवाहोत्तेजक मंडळ काढणारे विष्णुशास्त्री पंडित असू शकतात, किंवा १८७४ मध्ये 'निबंधमाला' सुरू करून सुधारकांवर कोरडे ओढणारे विष्णुशास्त्री चिपळूणकर असू शकतात. पंडित १८७६ मध्ये वारले, म्हणजे दोन वर्षे हे दोघे एकाच वेळी लिहीत होते. एकाची मते दुसऱ्याच्या तोंडी घालण्याइतका अन्याय दोघांवरही दुसरा नाही.

'शाहू महाराज' या नावाचे आज उलट झाले आहे. सामान्य बोलण्यात ते कोल्हापूरच्या राजर्षींचेच नाव झाले असून, १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथांना पेशवाई देणारे आणि १७४९ पर्यंत राज्य करणारे सातारचे शाहू मागे पडले आहेत. १९०२ मध्ये मागासवर्गीयांसाठी निम्म्या जागा राखून ठेवणारे राजर्षी हे जन्माने कागलच्या घाटगे घराण्यातील यशवंतराव. १८८४ मध्ये दत्तक आल्यावर त्यांना हे नाव मिळाले. लोकव्यवहारात हे चालून जाते, पण स्थानिक इतिहास लिहिणाऱ्याने एखाद्या गावच्या 'शाहू महाराजांनी दिलेल्या' इनामाची हकीकत ऐकली की सनद पाहावी. सांगणारा प्रामाणिक असला तरी त्याच्या मनातले शाहू आणि सनदेतले शाहू यांच्यात दीड-दोनशे वर्षांचे अंतर असू शकते.

संतवाङ्मयात व्यक्तीऐवजी मुद्रिका, म्हणजे अभंगाच्या शेवटी येणारे कवीचे नाव, फसवते. नामदेवांच्या नावावरील गाथ्यात 'नामा' अशी मुद्रिका असलेल्या अनेक रचना नंतरच्या नामाभिधानी कवींच्या आहेत, त्यांत एकनाथकालीन विष्णुदास नामा हा प्रमुख, हे अभ्यासकांनी पुष्कळ पूर्वी दाखवून दिले आहे. येथे भाषेचे वय हाच मुख्य आधार, आणि तो पुनःपुन्हा नकललेल्या बाडांत कितपत टिकतो हा प्रश्न वेगळाच.

प्रत्यक्ष कामात या सर्वांचा उपयोग सूची करताना होतो. प्रत्येक नावासाठी वेगळी नोंदपट्टी करून तीवर पित्याचे नाव, टोपणनाव, गाव, हुद्दा, कोणी कोणत्या मायन्याने संबोधिले आणि उल्लेखाचे पहिले व शेवटचे वर्ष लिहावे. आणि जोवर यांतील किमान दोन गोष्टी जुळत नाहीत तोवर दोन पट्ट्या एकत्र करू नयेत, मग नाव कितीही प्रसिद्ध असो. दोन व्यक्ती म्हणून ठेवलेली एकच व्यक्ती पुढे केव्हाही जोडता येते. एक म्हणून मिसळलेल्या दोन व्यक्ती वेगळ्या करायच्या तर सगळे कागद पुन्हा वाचावे लागतात. रघुनाथराव, राघोबा आणि दादासाहेब यांची तीन खाती काही दिवस वेगळी राहिली तरी बिघडत नाही. ज्या 'नाना'चा निर्णय लागत नाही, त्याला प्रश्नचिन्हासह तसाच ठेवावा, आणि छापील सूचीतही ते प्रश्नचिन्ह संकोच न करता छापावे.

नामसाधर्म्याचा हा फेरा खुद्द संशोधकांनाही चुकलेला नाही. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांचे थोरले बंधू वैजनाथ काशिनाथ राजवाडे हे वैदिक वाङ्मयाचे मोठे पंडित, यास्काच्या निरुक्ताचे संपादक. मराठीत 'वि. का.' आणि 'वै. का.' यांत मात्रेचा का होईना फरक राहतो, परंतु रोमन आद्याक्षरांवर चालणाऱ्या ग्रंथालयांच्या तालिकांत दोघेही भाऊ 'व्ही. के.' होतात. तळटीप लिहिताना या दोघांची नावे आद्याक्षरांत न देता पूर्ण द्यावीत, आणि तालिकेतील नोंद ग्रंथाच्या विषयाशी ताडून पाहावी.