आधी माणसं मोज, मग फरशी

बाळा, परवा फोनवर तू पंधरा मिनिटं टाइल्सच्या रंगावर बोललास. रंग तू छानच निवडशील, त्यात मी पडत नाही. पण दोन घरांची कामं मी उभी राहून करून घेतली आणि दोन्ही वेळा चुकले ते इंचात. म्हणून शोरूमला जाण्याआधी हे वाच.

१. आठवडाभर काहीच ठरवू नकोस. कोण कुठे अडखळतं, ओला टॉवेल कुठल्या खुर्चीवर पडतो, एवढं वहीत टिपून ठेव — काय बदलायचं ते त्या वहीतूनच कळेल.

२. ताईला, म्हणजे तुझ्या आईला, काय हवं ते विचारू नकोस. ती उठताना-बसताना कशाला धरते ते बघ — विचारलंस तर ‘मला काही नको’ म्हणेल, लहानपणापासून ओळखते मी तिला.

३. ओट्याची उंची मिस्त्रीवर सोडू नकोस. पोळ्या लाटणाऱ्याने कोपर वाकवून उभं राहायचं आणि कोपराखाली चार ते सहा इंचांवर खूण करायची — मिस्त्री सवयीने ३२-३३ इंच धरतो, आणि उंच माणसाची कंबर तिथेच धरते. तुमच्याकडे पोळ्या तूच लाटतोस, तेव्हा तूच उभा राहा.

४. मिक्सर, फ्रिज, पाण्याचा फिल्टर यांच्या जागा भिंतीवर खडूने आखून मगच वायरमनला बोलाव — खडू पुसता येतो, भिंतीतली झिरी नाही.

५. आता बाथरूम. इथे जरा जास्त बोलणार आहे. माझ्या सासूबाई तिथेच घसरल्या. खुब्याच्या ऑपरेशननंतर वॉकर आणला, तर तो २४ इंची दारातून आत जाईना. तू दार निदान ३२ इंची कर, जमलं तर ३६, आणि बाहेर उघडणारं — आत कुणी पडलं, तर आत उघडणारं दार त्याच्याच अंगाला अडतं.

६. कमोडची बैठक १७ ते १९ इंच उंच घे आणि शेजारी धरायचा दांडा भिंतीत बोल्टने पक्का बसव — टाइलवर चिकटवलेला दांडा माणसाचा भार पेलत नाही. आधाराची खुंटी तोल असतानाच ठोकावी.

७. बाथरूमची लादी दुकानातच ओली करून घे आणि तिच्यावर अनवाणी उभा राहा — दुकानात सगळ्याच लाद्या कोरड्या, म्हणून सगळ्याच चांगल्या वाटतात.

८. वॉटरप्रूफिंग झालं की लाद्यांआधी पाणी भरून दोन दिवस ठेव आणि खालच्या मजल्यावरच्यांकडे जाऊन त्यांचं छत बघ — गळती तेव्हा सापडली तर डागडुजी, नंतर सापडली तर तोडफोड. जाताना चार लाडू ने. महिनाभर तुझी ठोकाठोक तेच ऐकणार आहेत.

९. लाद्या बसल्यावर बादलीभर पाणी ओत. ते आपणहून जाळीकडे गेलं पाहिजे. ढाळ चुकला की वायपर घरचा होतो — मिस्त्रीची मजुरी चुकती करण्याआधीच हे बघ.

१०. पलंगापासून संडासापर्यंतची वाट रात्री दिवा न लावता चालून बघ. वाटेत उंबरा नको, पायाशी मंद दिवा हवा, आणि बटण पलंगाशीही हवं — म्हातारपणी माणूस अर्धवट झोपेतच उठून चालायला लागतो.

११. कॉलम-बीमला हात नाही. भिंत पाडायची तर आधी स्ट्रक्चरल इंजिनियर, मग सोसायटीची लेखी परवानगी — ती भिंत तुझी असली तरी तिच्यावरचा भार सगळ्यांचा आहे.

१२. गिलाव्याआधी प्रत्येक भिंतीला टेप लावून पाइप आणि वायरींचे फोटो काढ — आमच्याकडे देव्हाऱ्यासाठी मारलेला खिळा थेट पाइपात गेला होता.

१३. सिंकखालचं कपाट आयएस ७१० शिक्क्याच्या, म्हणजे पाणी सोसणाऱ्या प्लायचं कर, आणि लाद्यांची एक पेटी त्याच बॅचची जास्त घे — पुढच्या वर्षी तीच छटा मिळत नाही.

१४. ठरलेल्या खर्चाचा दहावा हिस्सा वेगळा ठेव आणि शेवटचा हप्ता शेवटचं दार नीट लागेपर्यंत हातात ठेव — पूर्ण पैसे पोचले की मिस्त्रीचं पुढचं काम सुरू होतं. त्यात वाईट काही नाही, त्यालाही घर आहे.

१५. काम दिवाळीनंतर काढ — पावसाळ्यात गिलावा वाळत नाही आणि लाकूड फुगतं. तेवढे दिवस ताईला माझ्याकडे पाठव, धुळीत ठेवू नकोस.

रविवारी मी येते, ओटा दोघं मिळून मोजू. टेप काढून ठेव, आणि तोवर कुणालाही आगाऊ रक्कम देऊ नकोस.