मागच्या ब्रेकचं, तुझ्या-माझ्यात

अगं, परवा फोनवर तू म्हणालीस की बाइकचा मागचा ब्रेक असून नसल्यासारखा झालाय, आणि लगेच विषय बदललास. मला कळलं. गॅरेजची मजुरी, हॉस्पिटलच्या लागोपाठच्या नाइट ड्यूट्या, आणि मनात एक की पुढचा ब्रेक आहे ना! हा शेवटचा विचार आधी काढून टाक. ब्रेक लागला की वजन पुढच्या चाकावर येतं, म्हणून गाडी थांबवण्याचं बरंचसं काम पुढचा ब्रेक करतो, हे खरंच. पण इथे आयर्लंडमध्ये, लिमरिकच्या ओल्या पहाटे, ट्रॅक्टरनं चिखल आणून टाकलेल्या बोरीनवर, म्हणजे अरुंद गावरस्त्यावर, राउंडअबाउटच्या तोंडाशी अगदी हळू सरकताना गाडी सावरते ती मागच्या ब्रेकवर. आयबीटीच्या, म्हणजे बाइकच्या सुरुवातीच्या प्रशिक्षणाच्या, त्या 16 तासांत शिकवणाऱ्यांनी संथ वळणं घेताना तुला कोणता ब्रेक धरायला लावला होता, आठव.

मला जास्त काळजी आहे ती वेगळ्याच गोष्टीची. इथे कार चार वर्षांची झाली की तिला एनसीटीची सक्तीची तपासणी चुकत नाही. दुचाकीला ती तपासणीच नाही. पुण्यात पंक्चर काढणारा पोऱ्यासुद्धा जाता जाता म्हणतो, "ताई, लायनर संपलेत." इथे असं सांगणारं कोणी नाही. तू पाहिलंस तरच तुझ्या गाडीकडे कोणी पाहिलं.

म्हणून हे हितगुज. आणि पहिली विनवणी: कारण सापडल्याशिवाय पॅड विकत घेऊ नकोस.

गाडी स्टँडवर घे, न्यूट्रल कर, ब्रेक दाबून सोड आणि मागचं चाक हातानं फिरव. चेनमुळे थोडं जड फिरेल, ते चालायचंच. पण चाक अडत असेल तर ब्रेक सुटत नाहीये. आता पेडल ज्यावर फिरतं त्या खिळीकडे बघ. आपण ती कधीच पुसत नाही. हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेलं मीठ आणि बारमाही ओल यांनी ती गंजते, पेडल पूर्ण वर येत नाही आणि ब्रेक अर्धवट लागलेलाच राहतो. पाय काढल्यावरही ब्रेकचा लाल दिवा जळत राहिला, तर आधी इथेच शंका घे. खिळी काढून, घासून, ग्रीस लावून कितीतरी वेळा काम तिथेच संपतं.

पेडल मोकळं असेल तर पायाला काय जाणवतं ते नीट सांग. पेडल मऊ लागतंय आणि पाच-सहा वेळा दाबल्यावर घट्ट होतंय? मग ब्रेक ऑइलमध्ये हवा आहे. दाबून धरलं की सावकाश खाली जातं? मग कुठेतरी गळती आहे किंवा मास्टर सिलिंडरचं सील गेलंय. ते काम घरी करायचं नाही, आणि तोवर गाडीही बाहेर काढायची नाही. पेडल दगडासारखं घट्ट आहे पण ब्रेक धरत नाही? मग पॅडवर तेल गेलंय, ते काचेसारखे गुळगुळीत झालेत किंवा कॅलिपर जाम आहे.

तेलाचं म्हणशील तर चेनला स्प्रे मारताना डिस्कवर पुठ्ठा धरतेस का? तो फवारा उडाला की मागचा ब्रेक बसतो. तेल प्यायलेले पॅड घासून, जाळून सुधारत नाहीत. ते टाकायचे, आणि डिस्क ब्रेक क्लीनरनं पुसायची.

पण माझा खरा संशय कॅलिपरच्या सरकत्या पिनांवर आहे. आयर्लंडमध्ये मागच्या ब्रेकचा हा अगदी ओळखीचा आजार. चाकाचं सगळं पाणी आणि मीठ तिथे उडतं, आणि आपण तो ब्रेक इतका कमी वापरतो की तो तापून वाळतही नाही. पिना अडकल्या की कॅलिपर सरकत नाही आणि एका बाजूचा पॅड झिजून जातो, दुसरा जाडच राहतो. दोन्ही पॅड शेजारी ठेवून बघ, सगळं कळेल. पिना काढून जुनं ग्रीस आणि गंज साफ कर, सिलिकॉन ग्रीस लाव. साधं ग्रीस नको, त्यानं रबर फुगतं. रबराची टोपी फाटली असेल तर तीही बदल. पिस्टनभोवतीची माती जुन्या टूथब्रशनं काढ आणि मगच तो आत ढकल, नाहीतर तीच घाण सीलवर जाते. ढकलताना ऑइलच्या डबीवर लक्ष ठेव, ती भरून वाहते. रंगावर ऑइल सांडलं तर लगेच पाण्यानं धू, रंग खातं ते. आणि पॅडची धूळ तोंडानं फुंकू नकोस गं, ती छातीत जाते.

हवा काढायची असेल तर डॉट 4 चीच सीलबंद बाटली घे. डबीच्या झाकणावर वेगळं काही लिहिलं असेल तर ते पाळ. हे ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं. डॉट 4 च्या मानकात कोरड्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान 230 अंश सेल्सियस धरलाय, ओलावा धरलेल्याचा फक्त 155. म्हणून गाडी कमी चालली तरी दोन वर्षांनी ऑइल बदलायचंच, आणि अर्धी उरलेली जुनी बाटली वापरायची नाही. डॉट 5 सिलिकॉनचं असतं, ते यात चालत नाही.

कॅलिपरवरच्या हवा काढायच्या निपलला रिंग पाना लाव, पारदर्शक नळी जोड आणि तिचं दुसरं टोक बरणीतल्या ऑइलमध्ये बुडव. पेडल दाबून धर, निपल किंचित उघड, बंद कर, मगच पेडल सोड. हा क्रम चुकला की हवा परत आत. बुडबुडे थांबेपर्यंत असंच, आणि डबी रिकामी होऊ द्यायची नाही. एबीएस असेल तर हे फार महत्त्वाचं, कारण त्याच्या आत हवा शिरली तर बऱ्याच गाड्यांना गॅरेजमधलं यंत्रच लागतं.

सगळं बसवल्यावर पेडल घट्ट होईपर्यंत दाबत राहा. नवे पॅड घातलेस तर पहिल्यांदा पेडल सरळ खाली जातं, आणि ते रस्त्यावर कळायला नको. मग आवारात गाडी ढकलून ब्रेक लाव, नंतर रिकाम्या पार्किंगमध्ये हळू चालवून. पॅड जमेपर्यंत काही दिवस अंतर राखून चालव.

तुझ्या 125 ला मागे ड्रम असेल तर यातलं बरंच लागणारच नाही. दांड्याचा नट फिरवून पेडलला पुस्तिकेत दिलेली ढील ठेव. ब्रेक दाबल्यावर ड्रमवरचा बाण खुणेशी आला, तर लायनर संपलेत. एवढंच.

काढलेलं ऑइल सिंकमध्ये ओतू नकोस, घट्ट झाकणाच्या बाटलीत भरून कौन्सिलच्या रिसायकलिंग सेंटरला दे. शनिवारी पाऊस नसला तर दुपारी फोन कर, मी व्हिडिओवर असेन, पाना मात्र तुझ्याच हातात. त्याआधी दोन्ही पॅडचा शेजारी ठेवून काढलेला फोटो पाठव. आणि तोवर हॉस्पिटलला बसनं जा.